किट विमान: पूर्ण फ्लॅपवर पिच ट्रिम अपुरा पडतो, टॅब मोठा करावा का?

कुंडईकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी आणि माझ्या मेहुण्याने गोव्यातल्या कुंडईच्या शेडमध्ये बांधलेले दोन आसनी किट विमान, परवानग्यांचे सोपस्कार आटोपल्यावर, सध्या घाटावरच्या एका खाजगी धावपट्टीवर चाचणी-उड्डाणे करीत आहे. पंख वरच्या बाजूस, सांगाडा व पत्रा ॲल्युमिनियमचा, इंजिन रोटॅक्स ९१२ यूएलएस, आसने शेजारी-शेजारी. एलिव्हेटरच्या (शेपटीवरचे, नाक वर-खाली करणारे हलते पृष्ठ) उजव्या अर्ध्या भागावर बिजागरीने बसवलेला ट्रिम टॅब (स्टिकवरचा जोर काढणारी छोटी पट्टी) असून तो विजेच्या सर्व्होने हलतो. फ्लॅपही (पंखाच्या मागच्या काठाचे खाली झुकणारे भाग) विजेच्या मोटरवर आहेत आणि ते शून्यापासून चाळीस अंशांपर्यंत उघडतात.

अडचण अशी की मी एकटा, सामानाशिवाय उडत असताना फायनलवर (उतरण्याआधीच्या शेवटच्या सरळ टप्प्यात) फ्लॅप पूर्ण उघडले की नाक खाली जाऊ लागते, ट्रिम मागच्या, म्हणजे नाक वर नेणाऱ्या, टोकापर्यंत नेला तरी विमान ४५ नॉटचा वेग आपणहून धरीत नाही आणि स्टिक सतत मागे ओढून ठेवावी लागते. मेहुणा शेजारी बसला की हा त्रास बहुतांशी नाहीसा होतो. टॅबची रुंदी दोन-तीन सेंटिमीटर वाढवावी, की टॅबचा हॉर्न (सर्व्होची दांडी जोडलेला छोटा हात) बदलून टॅबचा कोन वाढवावा, याविषयी जाणकारांनी मत द्यावे.

वास्कोकर

कुंडईकर, टॅबला कात्री लावण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर द्या, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. पूर्ण फ्लॅपवर चाके टेकवताना नाक उचलायला स्टिक मागच्या थांब्याला जाऊन टेकते, की थांब्यापर्यंत पुष्कळ जागा शिल्लक असते आणि फक्त हाताला जोर लागतो? पहिल्या प्रकारात एलिव्हेटरचीच ताकद संपत आहे आणि तो गुरुत्वमध्याचा किंवा शेपटीच्या स्थिर पृष्ठाच्या कोनाचा प्रश्न आहे. ट्रिममध्ये कितीही फेरफार केला तरी तो सुटणार नाही. दुसऱ्या प्रकारात विमान तुमच्या ताब्यात आहे आणि प्रश्न केवळ हाताच्या थकव्याचा आहे. नौदलात विमानांच्या देखभालीत माझे आयुष्य गेले. वैमानिकाने नोंदवहीत नुसते 'नाक जड' एवढेच लिहिले, तर आम्ही पाना हातात घेण्याआधी हाच प्रश्न विचारून येत असू.

जोर किती लागतो हेही अंदाजाने सांगू नका. प्रवासाच्या बॅगा मोजायचा टांगता काटा स्टिकच्या मुठीला अडकवा, सुरक्षित उंचीवर ४५ नॉट वेग स्थिर करा आणि सोबतच्या माणसाला आकडा वाचायला सांगा. एकट्याच्या वजनाची स्थिती हवी असल्यामुळे सोबत्याच्या वजनाचा हिशेब वेगळा करावा लागेल. नाहीतर काटा डॅशबोर्डसमोर दिसेल असा बांधून कॅमेरा लावा.

फर्मागुडी

वास्कोकरांच्या प्रश्नाला जोडून थोडे गणित मांडतो, कारण 'फ्लॅप उघडले की नाक खाली जाते' हे सर्वच विमानांना लागू नाही. फ्लॅप खाली आला की पंखावरचे उचल-बल मागच्या बाजूस सरकते आणि नाक खाली दाबणारा आघूर्ण तयार होतो. त्याच वेळी पंखामागून खाली वाहणारी हवा वाढते, ती शेपटीला वरून दाबते आणि नाक वर उचलू पाहते. या दोहोंपैकी कोण जिंकेल हे पंख-शेपटीच्या परस्पर स्थानावर, फ्लॅपच्या लांबीवर आणि इंजिनच्या शक्तीवर ठरते. सेसना १७२ चेच उदाहरण घ्या, तेथे पहिले फ्लॅप उघडताच नाक वर येते. ज्यांच्यात एलेरॉन (विमान डावी-उजवीकडे कलवणारी पृष्ठे) आणि फ्लॅप एकच आहेत, म्हणजे फ्लॅपेरॉन असलेल्या झेनिथ सीएच ७०१ सारख्या विमानांत, पंखाची जवळजवळ पूर्ण लांबी खाली झुकत असल्याने नाक खाली नेणारा परिणाम ठळक असतो. तुमच्या विमानात आणखी एक भर पडते: फ्लॅपबरोबर तुम्ही वेगही उतरवता, आणि कमी वेगासाठी तसाही ट्रिम मागे लागतोच. त्यामुळे किती वाटा फ्लॅपचा आणि किती वेगाचा, हे वेगळे केल्याशिवाय फ्लॅपला दोष देऊ नये. एकदा फ्लॅप बंद ठेवून, एकदा निम्मे उघडून आणि एकदा पूर्ण उघडून, प्रत्येक वेळी त्या स्थितीच्या स्टॉल वेगाच्या (ज्याखाली पंखाची उचल तुटते तो वेग) १.३ पटीवर ट्रिम कोठे येतो ते लिहून ठेवा.

टॅबच्या परिणामाबद्दलही बोलले पाहिजे. टॅबचे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, म्हणून ४५ नॉटला जो टॅब अपुरा वाटतो तोच ९० नॉटला चौपट प्रभावी असतो. फायनलसाठी रुंदी वाढवली की क्रूझमध्ये (सरळ प्रवासाच्या वेगात) बटणाच्या प्रत्येक टिचकीला नाक उडी मारू लागेल आणि सर्व्हो एका टोकाला अडकून पडला तर हाताला चौपट मोठा झगडा करावा लागेल. कोन वाढवण्यालाही मर्यादा आहे, कारण एका टप्प्यापलीकडे टॅबवरून हवा सुटते आणि कोन वाढूनही हाती काही लागत नाही.

कृष्णाकाठ

मी प्रशिक्षक आहे, म्हणून हे वैमानिकाच्या बाजूने पाहते. कुंडईकर, मला तुमचा ट्रिम अपुरा पडण्यापेक्षा तो उद्या पुरेसा झाल्यावर काय होईल याची जास्त काळजी वाटते. ट्रिम पूर्ण मागे, फ्लॅप चाळीस अंश, वेग ४५ नॉट, आणि धावपट्टीवर अचानक गाय आली. तुम्ही शंभर अश्वशक्तीचा थ्रॉटल एकदम पुढे केला की पंख्याचा झोत शेपटीवर आदळतो, मागे लावलेला टॅब त्या झोतात एकाएकी प्रभावी होतो आणि नाक आपणहून वर चढते. स्टिक नेटाने पुढे दाबून धरली नाही तर जमिनीपासून शे-दीडशे फुटांवर स्टॉल होतो. हा अपघात आमच्या क्षेत्रात जुना आणि परिचित आहे.

म्हणून मी विद्यार्थ्यांना फायनलवर शेवटचा थोडा जोर हातात ठेवायला शिकवते, सगळा ट्रिमवर सोपवत नाही. क्रमही ठरलेला असावा: आधी नाक हवे त्या ठिकाणी आणा, मग शक्ती ठरवा, वेग स्थिरावू द्या आणि त्यानंतरच ट्रिमने हातावरचा भार काढा. ट्रिमने नाक हलवणारा वैमानिक वेगाच्या मागे धावत राहतो. गो-अराउंडमध्ये (उतरणे सोडून पुन्हा वर जाताना) मात्र आधी शक्ती आणि स्टिक एकत्र पुढे, मग फ्लॅप टप्प्याटप्प्याने वर. चाळीसवरून थेट शून्यावर आणले तर विमान खाली बसते. हे सर्व आधी जमिनीपासून तीन हजार फुटांवर, थ्रॉटल सावकाश वाढवत करून पाहा आणि स्टिकला किती जोर लागला तेही नोंदवा.

दुसरे म्हणजे, तुम्हाला प्रत्येक वेळी चाळीस अंश हवेतच का? पहिले पंधरा-वीस अंश मुख्यतः उचल वाढवतात, शेवटचे दहा-पंधरा मुख्यतः रोध वाढवतात. एकट्याने, लांब धावपट्टीवर उतरताना रोधाची एवढी गरज पडत नाही.

म्हापसेकर

मी या विषयात नवा आहे, तेव्हा बाळबोध वाटला तरी एक प्रश्न विचारतो. ट्रिम मागे केला म्हणजे विमान अधिक स्थिर होते असे समजायचे का? आणि घाटावरची हवा विरळ असते तर फायनलचा वेग वाढवावा लागतो का?

फर्मागुडी

म्हापसेकर, पहिल्याचे उत्तर नाही असे आहे. विमान धक्क्यानंतर मूळ स्थितीकडे परतते की नाही हे गुरुत्वमध्य कोठे आहे यावर ठरते. ट्रिम एवढेच ठरवतो की हात सोडल्यावर ते कोणत्या वेगाकडे परतेल. गुरुत्वमध्य मागे सरकलेले विमान ट्रिमला छान प्रतिसाद देते आणि हातालाही हलके लागते, म्हणूनच ते फसवे असते.

दुसऱ्या प्रश्नाबाबत, वेगमापकावरचा वेग तोच ठेवायचा असतो, कारण विरळ हवेचा परिणाम मापकावर आणि पंखावर सारखाच होतो. बदलतो तो जमिनीसापेक्ष वेग. समुद्रसपाटीला ३४ अंश तापमानात घनतेच्या हिशेबाने उंची सुमारे २,२८० फूट येते, तर साधारण २,५०० फूट उंचीच्या धावपट्टीवर त्याच तापमानात ती ५,४०० फुटांच्या आसपास जाते. मापकावर ४५ नॉट असताना खरा वेग पहिल्या ठिकाणी सुमारे साडेसेहेचाळीस आणि दुसऱ्या ठिकाणी जवळपास एकोणपन्नास नॉट असतो. धावपट्टी वेगाने सरकताना दिसते म्हणून नवखा वैमानिक नकळत वेग कमी करतो, आणि मग ट्रिम आणखी मागे नेतो.

पेडणेकर

कुंडईकरबाब, इतका खटाटोप कशाला? स्टिकच्या तळाशी मागे ओढणारी एक स्प्रिंग लावा, टर्नबकलने ताण जुळवा, काम झाले. अनेक हलक्या विमानांत ट्रिम म्हणून फक्त स्प्रिंगच असते.

वास्कोकर

पेडणेकर, ज्या विमानांचा ट्रिम मुळातच स्प्रिंगचा आहे त्यांत तो रचनेचा भाग आहे, त्याची गणिते आणि चाचण्या तशा झालेल्या आहेत. टॅब असलेल्या विमानात वरून कायमची स्प्रिंग लावली की तिचा जोर वेगानुसार बदलत नाही, टॅबचा मात्र बदलतो. मग क्रूझमध्ये टॅब पुढे लावून तीच स्प्रिंग पुन्हा दाबावी लागते. शिवाय स्प्रिंग तुटली किंवा तिचा आकडा केबलमध्ये अडकला तर काय, हा प्रश्न वेगळाच. मी तरी तसे करू देणार नाही.

गुरुत्वमध्याकडे वळतो. कुंडईकर, एकट्याच्या स्थितीत गुरुत्वमध्य पुढच्या मर्यादेच्या किती जवळ आहे ते कळवा. बॅटरी इंजिनच्या भिंतीवर आहे का? बरेच जण लगेच बॅटरी मागे न्यायचा सल्ला देतील.

फर्मागुडी

बॅटरीचा हिशेब सोपा आहे. सात किलोची बॅटरी दोन मीटर मागे नेली तर १४ किलो-मीटरचा आघूर्ण बदलतो. एकट्याच्या उड्डाणात एकूण वजन ४२० किलो धरले तर गुरुत्वमध्य ३३ मिलिमीटर मागे जातो. पंखाची रुंदी १.४ मीटर असल्यास ही जवळजवळ अडीच टक्के झाली, म्हणजे लक्षात येण्याजोगा फरक. पण हाच बदल दोन माणसे आणि मागे वीस किलो सामान असतानाही कायम राहतो. पुढच्या टोकाची सोय करताना मागच्या टोकाची मर्यादा ओलांडली जाणे हा अधिक वाईट सौदा आहे. पुढे जड विमान हाताला त्रास देते, मागे जड विमान स्टॉलमधून बाहेर येत नाही. दोन्ही टोकांचे तक्ते मांडल्याशिवाय बॅटरीला हात लावू नये.

कुंडईकर

सर्वांचे आभार. सांगितल्याप्रमाणे मोजमापे केली, ती अशी. पूर्ण फ्लॅपवर, एकट्याने, चाके टेकवताना स्टिक मागच्या थांब्यापासून बरीच अलीकडे राहते, म्हणजे एलिव्हेटर पुरेसा आहे. ट्रिम पूर्ण मागे असताना ४५ नॉट धरायला काट्यावर साडेतीन किलोच्या आसपास जोर दिसतो. फ्लॅप बंद असताना त्या स्थितीच्या स्टॉल वेगाच्या १.३ पटीवर ट्रिम शेवटच्या टोकाच्या थोडा अलीकडे बसतो, निम्म्या फ्लॅपवर अगदी टोकाला, आणि पुढे अपुरा पडतो. गुरुत्वमध्य एकट्याच्या स्थितीत पुढच्या मर्यादेच्या आत आहे, पण फार आत नाही. बॅटरी मागे नेल्यास सामानासह दोघांच्या स्थितीत मागची मर्यादा ओलांडली जाते, त्यामुळे तो मार्ग बंद.

मग विमान पुस्तिकेप्रमाणे समतल करून, एलिव्हेटर शेपटीच्या स्थिर पृष्ठाच्या रेषेत पट्ट्यांनी बांधून, डिजिटल कोनमापकाने टॅब मोजला. सर्व्होची एकूण चाल ३० मिलिमीटर, टॅबच्या हॉर्नची त्रिज्या ३९ मिलिमीटर. टॅब साडेबावीस अंश खाली आणि तेवढाच वर जातो. पुस्तिकेत फक्त एकूण हालचाल आणि कोणत्याही बाजूस ३० अंशांहून अधिक नको एवढेच दिले आहे; मध्य कोठे असावा याबद्दल अक्षर नाही. क्रूझमध्ये दोघे आणि सामान असतानाही टॅब वरच्या बाजूस दहा-बारा अंशांपलीकडे कधी गेलेला दिसला नाही. म्हणजे वरची निम्मी हालचाल वापरातच नाही.

वास्कोकर

हे झाले काम! टॅबचा मागचा काठ खाली गेला की एलिव्हेटर वर ढकलला जातो आणि नाक वर येते, म्हणजे तुम्हाला हवी ती बाजू खालची. टॅब मोठा करू नका, हॉर्नही बदलू नका. सर्व्होपासून टॅबपर्यंतच्या दांडीची लांबी बदलून सगळी चाल खाली सरकवा. २९ अंश खाली आणि १६ अंश वर ठेवा. ३९ मिलिमीटर त्रिज्येवर साडेसहा अंशांसाठी लांबीत सुमारे साडेचार मिलिमीटरचा फरक लागेल. रॉड-एंड (दांडीच्या टोकाचा आट्यांचा सांधा) बाहेर काढाल तेव्हा आटे किती आत राहिले ते तपासणीच्या छिद्रातून तार घालून पाहा. तार आरपार जात असेल तर लांब दांडी बनवा. चेकनट घट्ट करून त्यावर रंगाची रेघ मारा म्हणजे ती सरकली तर दिसेल. सांध्याच्या फिरणाऱ्या बोल्टला नायलॉनचा नट नको, खाचेचा नट आणि स्प्लिट पिनच हवी.

लांबी बदलण्याआधी ढिलाई मोजा. तुमच्या हॉर्नवर अर्धा मिलिमीटर ढिलाई म्हणजे टॅबला पाऊण अंशाची मोकळीक. मोकळा टॅब वेगात थरथरू लागतो आणि फ्लटर (आपोआप वाढत जाणारी थरथर) सुरू झाला की शेपूट शाबूत राहील याची हमी कोणी देऊ शकत नाही. हॉर्न लहान करून कोन वाढवायची कल्पना मला पहिल्यापासून खटकली ती याचसाठी. त्यात तीच ढिलाई अधिक अंशांची होते.

विमान पावसाळ्यात कुंडईला परत आणणार असाल तर आणखी काही गोष्टी बघाव्या लागतील. एलिव्हेटरच्या मागच्या काठाजवळची पाणी निघण्याची छिद्रे उघडी ठेवा. आत साचलेले थोडेसे पाणीसुद्धा बिजागरीमागे वजन टाकते, त्याने एलिव्हेटरचा तोल बिघडतो आणि फ्लटरचा वेग खाली येतो. आपल्याकडे कुंभारीण माशी मातीची घरटी करते ती नेमकी अशाच छिद्रांत आणि वेगमापकाच्या पिटो नळीत. टॅबच्या लांब बिजागरीतली सळई स्टेनलेसची आहे का ते पाहा, कारण खाऱ्या हवेत साधी पोलादी सळई गंजून बिजागरीची भोके मोठी करते आणि ढिलाई तेथून सुरू होते. सर्व्होच्या वायरींची जोडणीही ओलाव्यापासून झाका.

कृष्णाकाठ

दांडीची लांबी बदलल्यावर एक गोष्ट विसरली जाते, म्हणून आधीच लिहिते. ट्रिमदर्शकावरचे मधले दिवे आता टॅबच्या सरळ स्थितीचे राहणार नाहीत. दर्शक मध्यावर असेल तेव्हा टॅब साडेसहा अंश नाक वर नेणाऱ्या बाजूस असेल. जुन्या सवयीने मध्यावर ठेवून टेक-ऑफ केला, त्यात दोघे आणि सामान असले, तर चाके सुटताच नाक अपेक्षेपेक्षा जास्त उठेल. टॅब सरळ असताना दर्शक कोठे येतो ते पाहून तेथे टेक-ऑफची नवी खूण करा आणि जुनी पुसून टाका, दोन खुणा ठेवू नका.

सर्व्होचे बटण अडकून ट्रिम पळत सुटला तर काय करायचे हेही तपासणी-यादीत लिहा: स्टिक घट्ट धरा, वेग कमी करा, ट्रिमचा सर्किट ब्रेकर ओढा. ब्रेकर डोळे मिटून हाताला सापडला पाहिजे, म्हणजे तो इतरांच्या रांगेत नको.

म्हापसेकर

ताई, फ्लॅपच्या बाबतीतही अशीच मोजणी करायची असते का?

कृष्णाकाठ

हो, आणि तेथे डाव्या-उजव्या बाजूंतील फरक सर्वांत महत्त्वाचा. प्रत्येक टप्प्यावर दोन्ही फ्लॅपचे कोन मोजावेत. माझ्या मते अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक राहू देऊ नये, कारण चाळीस अंशांवर तो फरक विमानाला एका बाजूस कलवतो आणि मंद वेगात एलेरॉनचा बराच भाग तो कलण्याशी झगडण्यातच जातो. फ्लॅप उघडताना विमान अचानक गरकन वळू लागले, तर हालचाल तिथेच थांबवून फ्लॅप आधीच्या स्थितीत परत न्यायचे, कारण बहुधा एका बाजूची दांडी सुटलेली असते. वेगमापकावरच्या पांढऱ्या कमानीचे वरचे टोक हा फ्लॅपचा कमाल वेग, तो ओलांडून फ्लॅप उघडणे म्हणजे याच दांड्यांवर बोजा टाकणे.

वास्कोकर

जिज्ञासूंसाठी एवढेच सांगतो की बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात सुपर कॉन्स्टेलेशन हे जुने मोठे विमान उभे आहे आणि त्याचे फ्लॅप फाउलर पद्धतीचे आहेत, म्हणजे ते खाली झुकण्याबरोबर मागेही सरकतात. कुंडईकरांच्या साध्या फ्लॅपमध्ये आणि त्यात नाकाचे वागणे वेगळे का, हे ते पाहिल्यावर चटकन समजेल. संग्रहालय १९९८ पासून आहे आणि अजूनही पुष्कळ गोवेकरांनी पाहिलेले नाही.

कुंडईकर

दांडी बदलली, रॉड-एंडच्या आट्यांची खात्री केली, ढिलाई नगण्य निघाली. फ्लॅप डावा-उजवा सारखे आहेत. टॅब आता २९ अंश खाली आणि १६ अंश वर जातो, टेक-ऑफची नवी खूण केली आहे. एकट्याने पूर्ण फ्लॅपवर ४५ नॉट धरायला आता दीड किलोच्या आसपास जोर लागतो. निम्म्या फ्लॅपवर हात सोडता येतात. क्रूझमध्ये दोघे आणि सामान असताना वरची बाजू पुरून उरते. उंचीवर गो-अराउंड करून पाहिला. नाक नक्कीच उठते, पण एका हाताने धरता येते. उरलेला दीड किलो जोर कृष्णाकाठताईंच्या सांगण्याप्रमाणे हातातच ठेवावा, असे मी आणि मेहुण्याने ठरवले आहे, आणि एकट्याने उतरताना तीस अंशांवरच थांबायचे.

कृष्णाकाठ

उत्तम. एक चाचणी अजून बाकी आहे आणि ती कोणालाही सोबत घेण्याआधी करा: मागच्या सामान-जागेत वजन बांधून गुरुत्वमध्य मागच्या मर्यादेकडे न्या, पण मर्यादा ओलांडू नका, आणि भरपूर उंचीवर फ्लॅप शून्य, निम्मे आणि पूर्ण अशा तिन्ही स्थितींत, ट्रिम नव्या मागच्या टोकाला न लावता १.३ पट वेगावर लावून, सावकाश स्टॉलपर्यंत जा. स्टॉल जवळ येताना स्टिक मागे ओढावी लागते आहे, म्हणजे हाताला जोर वाढता जाणवतो आहे, हे तपासा. जोर वाढण्याऐवजी कमी होत गेला तर तेथेच थांबा, फ्लॅप बंद करा, उतरा आणि सामानाची मर्यादा कमी केल्याशिवाय पुढचे उड्डाण करू नका. वजनाच्या पिशव्या जाळीने घट्ट बांधा, वाळू मोकळी ठेवू नका. आकडे आले की येथे टाका.